चालू लाइनवर नवं मॉडेल : टप्प्याटप्प्याने बदललेल्या एका गाडीचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण मध्यम आकाराच्या एका कार कंपनीचं आहे. कंपनीचं, गाडीचं, माणसांचं नाव घेतलेलं नाही आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. कंपनीची सगळ्यात जास्त खपणारी गाडी म्हणजे एक छोटी हॅचबॅक. ती जिथे बनायची तिथे बॉडी शॉप एक, पेंट शॉप एक, असेंब्ली लाइनही एकच. गाडीचं वय झालं होतं. बंपर आणि दिवे बदलून तिला दोनदा ताजं केलं होतं, पण आतला सांगाडा, हायड्रॉलिक स्टिअरिंग, वायरिंग सगळं पहिल्या दिवसाचंच होतं. समोरून होणाऱ्या धडकेचे नवे नियम येऊ घातले होते आणि त्यात जुना सांगाडा बसणार नव्हता.

नवी गाडी हवी, यावर कंपनीत कुणाचंच दुमत नव्हतं. वाद होता तो जुनी गाडी बनवत असताना नवी आणायची कशी, याचा.

प्रश्न

लाइन बंद ठेवली तर कंपनीची निम्म्याहून जास्त विक्री थांबते. दुसरी लाइन टाकायला पैसा नाही, आणि असता तरी पेंट शॉप दोन गाड्यांना पुरत नाही. कार कारखान्यात सगळ्यात महाग आणि वाढवायला सगळ्यात अवघड भाग पेंट शॉपचा असतो. त्याच्या टाक्या, भट्ट्या, कन्व्हेयर यांची क्षमता एकदा ठरली की ठरली.

त्यात सप्लायरांची बाजू होती. जुन्या गाडीचे बरेचसे भाग बनवणाऱ्या छोट्या कारखान्यांना एका रात्रीत नव्या भागांवर जाता येणार नव्हतं. नव्या भागाचे साचे तयार व्हायचे, नमुने मंजूर व्हायचे, पीपीएपीची (सप्लायरचा भाग मंजूर करण्याच्या रीतीची) सगळी कागदपत्रं पूर्ण व्हायची, आणि तोवर जुना भाग रोज ट्रकने यायलाच हवा.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय सरळ होता. जुनी गाडी बंद करायची, लाइन उखडायची, नवी बसवायची. याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण फोर्डचं. मे १९२७ मध्ये दीड कोटीवी मॉडेल टी बाहेर पडली आणि कंपनीने ती गाडी थांबवली. तिच्या जागी येणाऱ्या मॉडेल एचं काम तोवर पुरं झालेलं नव्हतं. ती लोकांसमोर आली २ डिसेंबर १९२७ ला. मधले सहा महिने डीलरांकडे विकायला नवी गाडी नाही आणि कामगारांना काम नाही. त्या वर्षी शेवरोलेने विक्रीत फोर्डला मागे टाकलं. मॉडेल टी वर्षानुवर्षं एकाच ठरावीक रीतीने बनवण्यासाठी कारखान्यातली यंत्रं इतकी घट्ट बांधली गेली होती, की हजारो यंत्रं बदलल्याशिवाय दुसरी गाडी बनणंच शक्य नव्हतं. आपल्या प्रकरणातल्या कंपनीकडे फोर्डची गंगाजळी नव्हती. हा पर्याय पहिल्याच बैठकीत बाद झाला.

दुसरा पर्याय म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या मोकळ्या लाइनवर नवी गाडी करारावर बनवून घ्यायची आणि आपली लाइन सावकाश रिकामी करायची. यावर थोडा विचार झाला. पण ती लाइन मोठ्या गाड्यांसाठी बांधलेली होती आणि वाहतुकीचा हिशेब बसेना. तोही सोडून दिला.

तिसरा पर्याय उत्पादन विभागाने मांडला : नवी गाडी एकदम आणायचीच नाही. नव्या गाडीचे भाग एकेका गटाने जुन्या गाडीत घालत जायचं. आधी पुढचा सांगाडा, मग स्टिअरिंग आणि वायरिंग, मग इंजिन, आणि शेवटी वरची बॉडी आणि डॅशबोर्ड. शेवटच्या टप्प्यानंतर जे उरेल तेच नवं मॉडेल. गिऱ्हाइकाला ते एका दिवसात आल्यासारखं दिसेल, पण कारखान्याच्या दृष्टीने त्यातला बराचसा भाग तोवर जुना झालेला असेल.

यालाही इतिहासात आधार होता. फोक्सवॅगन बीटल बाहेरून वर्षानुवर्षं तशीच दिसली, पण आतून ती सतत बदलत राहिली. मार्च १९५३ मध्ये मागची दुभंगलेली काच जाऊन एक अखंड लंबगोल काच आली. त्याच वर्षाअखेर इंजिन ११३१ सीसीचं ११९२ सीसी झालं. ऑगस्ट १९५७ मध्ये मागची काच आणखी मोठी झाली. १९६० मध्ये ३४ अश्वशक्तीचं इंजिन आणि चारही गिअर सिंक्रोमेश असलेला गिअरबॉक्स आला, आणि पुढे ६ व्होल्टची विद्युतयंत्रणा १२ व्होल्टची झाली. १७ फेब्रुवारी १९७२ ला बीटलने मॉडेल टीचा उत्पादनाचा आकडा ओलांडला.

पण बीटलच्याच गोष्टीचा शेवट या पर्यायाची मर्यादा दाखवतो, आणि बैठकीत तो कुणीतरी मांडला हे बरं झालं. मागे असलेलं, हवेवर थंड होणारं इंजिन पुढे आणून पाण्यावर थंड करायचं, हे टप्प्याटप्प्याने होत नाही. इंजिन अर्धं मागे आणि अर्धं पुढे ठेवता येत नाही. तिथे उडीच मारावी लागते. फोक्सवॅगनने ती १९७४ मध्ये गोल्फ आणून मारली, तोवर उशीर झाला होता आणि त्या वर्षी कंपनीला ८० कोटी मार्कांहून जास्त तोटा झाला. म्हणून पहिला खरा प्रश्न असा होता, की आपल्या नव्या गाडीत अशी उडी मागणारं काही आहे का?

निर्णय पहिला : काय बदलणार नाही

डिझाइन विभागाला व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, लांबवायचा होता. मागच्या सीटवर गुडघ्यांना जागा कमी, ही जुन्या गाडीबद्दलची नेहमीची तक्रार होती. पण व्हीलबेस बदलला की फ्लोअर बदलतं, फ्लोअर बदललं की बॉडी शॉपमधली सगळी फिक्स्चरं (वेल्डिंगसाठी भाग पकडून ठेवणारी चौकट) आणि कन्व्हेयरवरचे टेकू बदलतात, आणि मग टप्प्यांची कल्पनाच कोसळते.

बॉडी शॉपमध्ये प्रत्येक सांगाडा ठरावीक भोकांत पिन घालून पकडला जातो. त्या मुख्य भोकांची जागा, पुढच्या काचेच्या खालची कड, दाराच्या बिजागरीचा खांब आणि व्हीलबेस एवढं जुन्या-नव्या दोन्ही गाड्यांत एकच ठेवायचं ठरलं. एवढं स्थिर ठेवलं तर नवा पुढचा सांगाडा जुन्या वरच्या बॉडीशी जुळतो, आणि पुढे नवी वरची बॉडी त्याच सांगाड्यावर बसते. डिझाइनच्या लोकांनी हे नाराजीने मान्य केलं. त्यांची नाराजी पुढे बाजारात खरी ठरली.

निर्णय दुसरा : काय एकत्र यायचं

गाडीतला बदल कागदावर आणायची जागा म्हणजे ईसीएन, इंजिनिअरिंग चेंज नोट. त्यात भागाचा जुना नंबर, नवा नंबर आणि कधीपासून हे लिहिलेलं असतं. ‘कधीपासून’चे प्रकार तीन. ठरलेल्या तारखेपासून, ठरलेल्या चॅसिस नंबरपासून, किंवा जुना साठा संपला की. तिसरा प्रकार स्टोअर आणि अकाउंट्सला फार आवडतो, कारण भंगारात काही जात नाही. नवा भाग जुन्याच्या जागी आणि जुना नव्याच्या जागी बिनदिक्कत बसत असेल, तर तो चालतोही. पण एका भागाच्या बदलावर दुसऱ्याचा बदल अवलंबून असेल तर साठा संपण्याची वाट पाहणं धोक्याचं. दोन साठे एकाच दिवशी कधीच संपत नाहीत.

म्हणून टीमने सगळे बदल चार गटांत बांधले. गटातले भाग एकाच चॅसिस नंबरला एकत्र बदलतील, गटाबाहेरचे सुटे राहतील. शिवाय प्रत्येक गटासाठी नियामकाकडून मंजुरीचा विस्तार घ्यावा लागणार होता. पुढचा सांगाडा बदलला की धडकेची चाचणी पुन्हा, आणि शेवटी वरची बॉडी बदलली की परत एकदा. टप्प्यांचा हा छुपा खर्च सुरुवातीच्या हिशेबात अर्धाच धरला होता.

दुसऱ्या गटात एक पळवाट ठेवली गेली. इलेक्ट्रिक स्टिअरिंग, नवं हार्नेस (वायरींचा बांधलेला जुडगा) आणि नवा आल्टरनेटर सगळ्या गाड्यांत एकाच दिवशी आणायचा बेत होता. पण हायड्रॉलिक पंपांचा मोठा साठा पडून होता. त्यामुळे सगळ्यात स्वस्त व्हेरियंटमध्ये तो साठा संपेपर्यंत जुनं स्टिअरिंग चालू ठेवायचं ठरलं. म्हणजे एकाच लाइनवर, एकामागोमाग एक, दोन्ही प्रकारच्या गाड्या. त्या दिवशी हे शहाणपणाचं वाटलं होतं.

पहिला टप्पा

पहिला टप्पा फार शांतपणे पार पडला. नवे पुढचे लाँग मेंबर (सांगाड्याचे लांबीतले दांडे), नवी सबफ्रेम आणि फायरवॉलचा (इंजिन आणि प्रवाशांमधल्या पत्र्याचा) खालचा भाग जुन्या बॉडीत बसले. वेल्डिंगच्या रोबोंचे प्रोग्राम रविवारी बदलले. काही दिवस पुढच्या दाराची फट थोडी कमी-जास्त येत होती, ती सावरली. गिऱ्हाइकाला काही कळलं नाही, आणि कळू नये हाच हेतू होता.

याच टप्प्यात एक छोटी सोय आगाऊ करून ठेवली गेली. दुसऱ्या टप्प्यातल्या इलेक्ट्रिक स्टिअरिंगला जाड अर्थिंगची वायर लागणार होती आणि तिच्यासाठी नव्या लाँग मेंबरवर एक स्टड (आटे असलेला खुंट) वेल्ड करायचा होता. वेल्डिंगचं फिक्स्चर पुन्हा उघडायला नको म्हणून तो स्टड पहिल्याच टप्प्यात घातला. त्याला काही जोडायचं नव्हतं. अनेक महिने प्रत्येक गाडीत तो रिकामा राहिला.

दुसरा टप्पा, आणि अडचण

दुसरा टप्पा सुरू झाला आणि थोड्याच दिवसांत यार्डमधल्या ड्रायव्हरांकडून कुरकुर यायला लागली. तयार गाड्या यार्डात एकमेकींना चिकटून लावताना मध्येच स्टिअरिंग दगडासारखं जड होतं, पिवळा दिवा लागतो, गाडी बंद करून चालू केली की सगळं ठीक. आधी बॅटरीवर संशय गेला. गाड्या उभ्या राहून बॅटरी उतरत असेल, असं म्हणून काही बॅटऱ्या बदलल्या. बदललेल्या बॅटरीच्या गाडीतही तेच झालं.

शेवटी रिवर्क विभागातल्या एका इलेक्ट्रिशियनने गाडी खोलण्याआधी साधी गोष्ट केली. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर ठेवली, दुसरी स्टिअरिंगच्या कंट्रोल युनिटच्या अर्थवर, आणि साथीदाराला उभ्या गाडीत स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला सांगितलं. दोन्ही टोकं अर्थच, तेव्हा मीटरने जवळपास शून्य दाखवायला हवं. त्याने दोन व्होल्टहून जास्त दाखवलं.

गणित सोपं आहे. उभ्या गाडीत चाकं वळवताना असं स्टिअरिंग क्षणभर ७० अँपिअरच्या आसपास करंट ओढू शकतं. सांध्यात ०.०३ ओहमचा अडथळा असला तरी २.१ व्होल्ट तिथेच जातात आणि जवळपास दीडशे वॉट उष्णता त्या नटाखाली निर्माण होते. कंट्रोल युनिटला व्होल्टेज कमी पडलं की ते मदत काढून घेतं. गाडी चालू असताना पंखा, दिवे, एसी चालू असतील तर आणखी लवकर. आणि ०.०३ ओहम साध्या मीटरच्या ओहमच्या मापावर धड दिसतसुद्धा नाही, म्हणून आधी कुणी मोजलं असतं तरी ‘सांधा ठीक’ असंच आलं असतं.

नट उघडला. वायरच्या गोल टर्मिनलखाली काळ्या रंगाचं अखंड कडं होतं. एका बाजूला नखाएवढा भाग फक्त चकाकत होता. सगळा करंट तेवढ्यातून जात होता.

बॉडी पेंट शॉपमध्ये गेली की आधी ईडी कोटच्या, म्हणजे विजेच्या मदतीने बसणाऱ्या पहिल्या रंगाच्या, टाकीत बुडते. हा थर साधारण २० मायक्रॉनचा असतो, पण वीज अडवायला तेवढा भरपूर. म्हणून अर्थिंगच्या प्रत्येक स्टडवर टाकीत जाण्याआधी टोपी लावतात. जुन्या अर्थिंगच्या स्टडना ती लावली जायची, कारण पेंट शॉपच्या मास्किंग शीटवर त्यांची नोंद होती. नव्या स्टडची नोंद कुणी केलीच नव्हती. पहिल्या टप्प्यात त्याला वायर नव्हती, म्हणून त्याच्यावर रंग बसला तरी कुणाचं काही अडलं नाही. दुसऱ्या टप्प्याचा ईसीएन हार्नेसचा होता, बॉडीचा नव्हता, म्हणून तो पेंट शॉपकडे गेलाच नाही. दोन्ही कागद आपापल्या जागी बरोबर होते.

चाचण्यांतून हे कसं सुटलं, ते मला या प्रकरणातलं सगळ्यात शिकण्यासारखं वाटतं. दुसऱ्या टप्प्याच्या सगळ्या ट्रायल गाड्या पायलट शॉपमध्ये, म्हणजे लाइनबाहेर नमुन्याच्या गाड्या बनवायच्या विभागात, बनल्या होत्या. तिथल्या अनुभवी फिटरला आटे रंगाने भरलेले दिसले, नट नीट फिरेना, म्हणून त्याने पॉलिश पेपरने स्टड आणि खालचा पत्रा घासून साफ केला आणि नट बसवला. काम चोख झालं. ते त्याने कुठे लिहिलं नाही, कारण चांगला फिटर अशा गोष्टी करतोच. ट्रायल गाड्यांनी हजारो किलोमीटर धावून दाखवलं, की हे स्टिअरिंग निर्दोष आहे.

लाइनवर तो फिटर नव्हता, नट आवळणारं यंत्र, नटरनर होता. नटरनर ठरलेला टॉर्क (पिळण्याचा जोर) आला की हिरवा दिवा लावतो. रंग भरलेल्या आट्यांत नट घासत जातो आणि टर्मिनल नीट दाबलं जाण्याआधीच टॉर्क पुरा होतो. हिरवा दिवा, पुढची गाडी. लाइनच्या शेवटी व्हील अलाइनमेंटला स्टिअरिंग फिरवतात, पण तिथे पुढची चाकं सरकत्या प्लेटवर असतात. जोर लागत नाही, करंट वाढत नाही, दोष दिसत नाही. तो पहिल्यांदा दिसला तो यार्डातल्या डांबरावर.

निर्णय तिसरा : थांबवायचं काय

त्या संध्याकाळी डिस्पॅच थांबवायचा निर्णय झाला. तिमाही संपत आली होती, विक्री विभागाने जोर लावून विरोध केला. त्यांचं म्हणणं होतं, की चालत्या गाडीत स्टिअरिंगवर एवढा भार येत नाही, दोष फक्त पार्किंगमध्ये दिसतो, डीलरकडेच दुरुस्त करू. कारखाना प्रमुखांनी ते ऐकलं नाही, आणि ते बरोबर होतं. वळणावर कमी वेगात मदत अचानक गेली तर हात दचकतो. हा सुरक्षेचा प्रश्न आहे.

लाइन मात्र थांबवली नाही. पेंट होऊन तयार असलेल्या बॉड्यांच्या साठ्यातल्या प्रत्येक बॉडीवर तो रंग होताच. पुढे काय करायचं यावर चार मतं होती. हायड्रॉलिक स्टिअरिंगवर परत जायचं? पंपांचा साठा स्वस्त व्हेरियंटपुरताच उरला होता आणि सप्लायरने ते काम बंद करून माणसं दुसरीकडे लावली होती. लाइनवर प्रत्येक स्टड हाताने घासायचा? झटपट होतं, पण उघडा पडलेला पत्रा गंजतो आणि दर शिफ्टला माणूस बदलतो. रंग कापत जाणारा खास नट वापरायचा? उत्तम, पण नमुना मंजूर होऊन माल यायला वेळ. की पेंट शॉपमध्ये टोपी लावायची? कायमचा उपाय तोच, पण तो फक्त पुढच्या बॉड्यांना लागू.

केलं ते चारांतल्या तिघांचं मिश्रण. पेंट शॉपमध्ये दुसऱ्या दिवसापासून टोपी. रंगलेल्या बॉड्यांसाठी, खास नट येईपर्यंत, लाइनवर घासून नट आवळायचा आणि वरून गंजरोधक लेप लावायचा. प्रत्येक दुरुस्त गाडीवर स्टिअरिंग जमिनीवर फिरवून व्होल्टेज ड्रॉप मोजायचा. ही शेवटची अट इलेक्ट्रिशियनने घालायला लावली, नाहीतर फक्त टॉर्क तपासून गाड्या सोडल्या गेल्या असत्या.

माझ्या मते लाइन एक शिफ्ट तरी थांबवायला हवी होती. पहिल्या दिवशी घासायचं कसं, किती, लेप कुठला हे ठरलेलं नव्हतं. त्या दिवसाच्या गाड्या नंतर पुन्हा उघडाव्या लागल्या.

निर्णय चौथा : कुठल्या गाड्या बोलवायच्या

यार्डातल्या गाड्या हाताशी होत्या. काही गाड्या डीलरकडे पोचल्या होत्या, काही गिऱ्हाइकांकडे. नियामकाला कळवायचं आणि परत बोलवायच्या, हे ठरलं. पत्र पाठवताना प्रश्न आला : अमुक चॅसिस नंबरपासून तमुकपर्यंत, असं म्हणता येईल का?

म्हणता येत नव्हतं. सुरुवातीचं टोक स्पष्ट होतं, पण त्यातही स्वस्त व्हेरियंटच्या हायड्रॉलिक गाड्या मध्ये मध्ये पेरलेल्या. ती पळवाट इथे अंगाशी आली. शेवटचं टोक तर धूसरच. टोपी लावायला ज्या क्षणी सुरुवात झाली तो पेंट शॉपमधला क्षण होता. पेंट झालेल्या बॉड्या साठ्यात थांबतात आणि ऑर्डरप्रमाणे रंग-व्हेरियंट पाहून पुढेमागे काढल्या जातात. या कारखान्यात चॅसिस नंबर बॉडीला मिळायचा तो साठ्यातून बाहेर पडून ट्रिम लाइनवर चढताना. म्हणून टोपी लावलेली बॉडी आधीचा नंबर घेऊन जायची आणि न लावलेली, एखाद्या कमी खपाच्या रंगाची, आठवड्याने नंतरचा.

सतरा अक्षरांचा नंबर गाडीची ओळख सांगतो, तिने पेंट शॉपमधून कधी प्रवास केला ते सांगत नाही. शेवटी दोन नोंदी जोडल्या. स्टिअरिंग युनिटचा सीरियल नंबर लाइनवर स्कॅन होऊन चॅसिस नंबरला जोडला जात होता. त्यावरून इलेक्ट्रिक गाड्या वेगळ्या काढल्या. बॉडीच्या आतल्या नंबरवरून पेंट शॉपमधून बाहेर पडल्याची वेळ काढली. दोन्हीची सांगड घालून गाड्यांची यादी बनली, नंबरांचा पट्टा नाही. जिथे वेळेची नोंद अपुरी होती ती गाडी यादीत घातली. काही निर्दोष गाड्या उगाच बोलावल्या गेल्या, पण दोषी गाडी सुटण्यापेक्षा ते परवडलं.

पुढचे टप्पे

या धक्क्यानंतर एक गट म्हणू लागला, की तिसरा आणि चौथा टप्पा एकत्र करा. जेवढे टप्पे तेवढे सांधे, जेवढे सांधे तेवढी गळती. दुसऱ्या गटाचं म्हणणं उलट होतं : स्टिअरिंग, इंजिन आणि बॉडी एका दिवशी आली असती तर जड स्टिअरिंगचं कारण शोधायला कुठल्या कुठे फिरलो असतो. हा दोष पटकन सापडला, कारण त्या दिवसांत दुसरं काही बदललेलं नव्हतं. दुसऱ्या गटाचं पटलं. टप्पे वेगळेच राहिले.

इंजिन आधी फक्त सगळ्यात महाग व्हेरियंटमध्ये आलं, संख्या कमी असल्यामुळे तक्रार आली तर आवरता येईल म्हणून. मग सगळीकडे. यावेळी पळवाट नव्हती. जुन्या इंजिनाचे उरलेले भाग सुट्या भागांच्या गोदामात पाठवले, लाइनवर मिसळले नाहीत. चौथा टप्पा, म्हणजे नवी बॉडी आणि डॅशबोर्ड, कारखान्याच्या वार्षिक बंदीत बसवला. जोडून मिळालेल्या त्या दिवसांत फिक्स्चर बदलून ट्रायल बॉड्या काढता आल्या. फोक्सवॅगनही बीटलचे मोठे बदल उन्हाळी सुट्टीनंतर, ऑगस्टमध्ये आणायची, त्यामागे हीच सोय होती.

निष्पत्ती

नवी गाडी ठरलेल्या वेळेच्या थोडी मागे, पण एकही महिना विक्री बंद न ठेवता आली. उत्पादन चढायला नव्या मॉडेलला नेहमी लागतो त्यापेक्षा बराच कमी वेळ लागला. लाइनवरच्या माणसांना वरची बॉडी आणि डॅशबोर्ड एवढंच नवं होतं. बाकीच्यावर त्यांचा हात बसलेला होता. सुरुवातीच्या तक्रारी डॅशबोर्डच्या खडखडाटाच्या आणि दाराच्या रबराच्या होत्या. इंजिन आणि स्टिअरिंगबद्दल जे निघायचं ते आधीच निघून गेलं होतं.

दुसरी बाजूही होती. मागच्या सीटवरची जागा जुन्याएवढीच, आणि गाडी तपासणाऱ्या प्रत्येकाने ते पहिल्या परिच्छेदात लिहिलं. चौथ्या टप्प्याच्या जेमतेम आधी गाडी घेतलेल्यांना वाटलं, की इंजिन नवं देऊन आपल्याला चेहरा जुना चिकटवला. डीलरांना त्यांची समजूत घालणं जड गेलं. आणि धडकेच्या चाचण्या, मंजुरीचे विस्तार, रिवर्क, परत बोलावलेल्या गाड्या हा सगळा खर्च धरल्यावर ‘स्वस्त’ म्हणून निवडलेला मार्ग अंदाजाएवढा स्वस्त राहिला नाही. दुसऱ्या लाइनपेक्षा मात्र तो फारच कमी होता.

काय वेगळं करता आलं असतं

पहिली गोष्ट आगाऊ सोयीची. पुढच्या टप्प्यासाठी स्टड, भोक, ब्रॅकेट, जादा कनेक्टर असं काही आधी घातलं, तर ते त्याच दिवशी वापरात असल्यासारखं तपासायला हवं होतं. रिकाम्या स्टडवर महिन्यातून एकदा टर्मिनल आवळून मोजलं असतं तर दुसऱ्या टप्प्याच्या कितीतरी आधी रंग दिसला असता. कंपनीने नंतर ईसीएनच्या फॉर्मवर ‘हा भाग आत्ता वापरात आहे का’ असा रकाना घातला. रकाना ठीक आहे, पण पेंट शॉपचा माणूस हार्नेसच्या बदलाच्या बैठकीत बसणं मला जास्त खात्रीचं वाटतं.

दुसरी गोष्ट ट्रायलच्या गाड्यांची. त्यातल्या निदान काही लाइनवरच, लाइनच्याच माणसांनी आणि लाइनच्याच नटरनरने बनवायला हव्या होत्या. पायलट शॉपमध्ये फिटरने वापरलेली प्रत्येक कानस आणि प्रत्येक पॉलिश पेपर हा दोषाचा पुरावा असतो, तो लिहून घ्यायची पद्धत नव्हती. आता त्या शॉपमध्ये ‘हाताने काय सुधारावं लागलं’ याची वही ठेवलेली आहे. ती प्रामाणिकपणे भरली जाते का, हे तिथल्या सुपरवायझरवर अवलंबून आहे. फिटरला वाटलं की लिहिलं तर आपल्यावर प्रश्न येतील, की वही कोरी राहणार.

नटरनरबद्दल : टॉर्कबरोबर नट किती अंश फिरला हेही मोजणारी यंत्रं कारखान्यात होती, ब्रेक आणि सस्पेन्शनच्या नटांसाठी. अर्थिंगचा नट त्या यादीत नव्हता. इलेक्ट्रिक स्टिअरिंग आल्यावर तो सुरक्षेचा नट झाला होता. जुन्या गाडीत अर्थिंग ढिलं झालं तर फार तर दिवा मिणमिणायचा. भागाचं काम बदललं की त्याची वर्गवारीही बदलायला हवी, हे ड्रॉइंगवर कुणी पाहिलं नाही, कारण ड्रॉइंगमध्ये नट तोच होता.

हायड्रॉलिक पंपांचा उरलेला साठा मोडीत काढायचा खर्च आणि यादी बनवण्यात, उगाच गाड्या बोलावण्यात गेलेला खर्च यांची तुलना नंतर कुणीतरी केली. पंप मोडीत काढणं स्वस्त पडलं असतं.

एक प्रश्न अजून सुटलेला नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्यातल्या गाड्यांचं हार्नेस ना जुन्या गाडीत बसतं ना नव्यात. रस्त्यावर त्या गाड्या पुष्कळ आहेत, आणि त्यांना सुटे भाग वर्षानुवर्षं पुरवायचे आहेत. सप्लायरला त्या हार्नेसची किमान ऑर्डर मोठी हवी, कंपनीला वर्षाला थोडीच लागतात. एकदाच मोठा साठा करून ठेवायचा, की नव्या हार्नेसला जोडपट्टी देऊन तेच बसवायचं, यावर सुट्या भागांचा विभाग आणि इंजिनिअरिंग यांच्यात पत्रव्यवहार चालू आहे. तोवर वर्कशॉपमधल्या मेकॅनिकला कॅटलॉगमध्ये त्याच गाडीच्या हार्नेसची तीन चित्रं दिसतात, आणि नंबर मागवण्याआधी त्याला बॉनेट उघडून स्टिअरिंगचा पंप आहे की नाही, मग इंजिन कुठलं, हे बघावं लागतं.